‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

आमच्या संग्राहक मंडळींत सनदा, तकरीरी, बखरींच्या पोथ्या, नाणीं व शिक्के यांस जो मान आहे, तो सैनिकी पदकांस अद्याप मिळालेला नाहीं. एखाद्या जुन्या घरांतील पेटी उघडली म्हणजे रुमालांत बांधलेल्या कागदांशेजारीं कधीं कधीं रूप्याचा एक वाटोळा तुकडा सांपडतो. कागद संशोधकाच्या हातीं जातात आणि तुकडा सोनाराच्या तागडींत जातो. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या पाहण्यांत असेंच एक पदक आलें. घरच्या मंडळींनीं त्याला कडी डकवून तें पिढ्यानपिढ्या मुलांच्या गळ्यांत ताइतासारखें घातलें होतें, आणि सणावारीं चिंच व राख लावून घांसलेंही होतें. पदकावर ‘किर्की अँड पूना’ अशी पट्टी शाबूत होती. परंतु कडेवरील लेखापैकीं पलटणीच्या उल्लेखाचीं अखेरचीं दोन अक्षरें तेवढीं वाचतां आलीं. शिपायाचें नांव पार झिजून गेलें होतें. घरांतही तें कोणास ठाऊक नव्हतें; “आमचे कोणी एक पूर्वज पलटणींत होते,” एवढेंच ते सांगूं शकले.

हें पदक पाहिल्यापासून या विषयावर कांहीं लिहावें असें आमच्या मनांत होतें. पदक हें शोभेची वस्तु नसून तो एक लेख आहे. तो कसा वाचावा, त्यावरून काय सिद्ध होतें आणि काय सिद्ध होत नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

प्रथम या पदकांचा उगम पाहूं. लढाईंत भाग घेतलेल्या प्रत्येक माणसास, मग तो सेनापति असो वा साधा शिपाई, एकच पदक द्यावें ही चाल युरोपांत नेपोलियनच्या युद्धांच्या काळांत रूढ झाली. तत्पूर्वीं असा मान बहुधा वरिष्ठ अंमलदारांपुरता असे. ता. १८ जून १८१५ रोजीं वॉटर्लू येथें नेपोलियनचा अखेरचा पराभव झाल्यावर ब्रिटिश सरकारनें त्या मोहिमेंतील सर्व दर्जाच्या लोकांस रूप्याचें पदक दिलें. त्याचा ठसा टॉमस वायन यानें कोरला होता, आणि अशीं सुमारें ३९,००० पदकें पाडण्यांत आलीं. त्यांत दोन गोष्टी नवीन होत्या. एक, प्रत्येक पदकाच्या कडेवर धारकाचें नांव, हुद्दा व पलटण यंत्रानें उठविलेलीं होतीं. दुसरी, जे रणांत पडले त्यांचें पदक त्यांच्या वारसांस मिळालें.

इतर राष्ट्रांची रीत निराळी होती. प्रशियानें १८१३ व १८१४ च्या युद्धांसाठीं जें पदक दिलें तें शत्रूकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूचें होतें. परंतु त्यावर धारकाचें नांव नव्हतें. फ्रान्सनें तर पुष्कळ उशीर केला. ता. १२ ऑगस्ट १८५७ रोजीं तिसऱ्या नेपोलियननें ‘सेंट हेलेना पदक’ निर्माण केलें, आणि १७९२ ते १८१५ या काळांत फ्रान्सच्या निशाणाखालीं लढलेल्यांपैकीं जे हयात होते अशा सुमारें चार लक्ष वृद्धांस तें वांटलें. तें कांशाचें असून त्यावरही नांव नाहीं. यामुळें सेंट हेलेना पदक हातीं आलें तरी, सोबतचें प्रमाणपत्र नसेल तर, तें कोणाचें हें सांगतां येत नाहीं. याच्या उलट ब्रिटिश पदकाची कड ही पोथीच्या पुष्पिकेसारखी आहे. पुष्पिका गेली म्हणजे पोथी कोणी, कोणासाठीं, केव्हां लिहिली हें कळत नाहीं. कड झिजली म्हणजे पदकाचेंही तेंच होतें.

स्पेन व पोर्तुगाल येथें वॉटर्लूपूर्वीं अनेक वर्षें लढलेल्या साध्या शिपायांस मात्र ब्रिटिश सरकारनें त्या वेळीं कांहींच दिलें नाहीं. ड्यूक ऑफ रिचमंड यानें त्यांची बाजू सतत लावून धरल्यावर १८४७ सालीं ‘मिलिटरी जनरल सर्व्हिस’ नांवाचें पदक मंजूर झालें. त्यावर १७९३–१८१४ हीं वर्षें असून निरनिराळ्या लढायांच्या एकंदर २९ पट्ट्या ठरविण्यांत आल्या. सुमारें २६,००० लोकांनीं तें घेतलें. परंतु येथें वॉटर्लूचा नियम राहिला नाहीं. जो हयात असून स्वतः मागणी करील त्यासच पदक; मेलेल्याच्या वारसास नाहीं. हाच नियम पुढें हिंदुस्थानच्या पदकास लागला, आणि आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा याच नियमांत आहे.

ईस्ट इंडिया कंपनीची पदकें देण्याची परंपरा यापूर्वींचीच होती. जनरल गॉडर्ड याच्याबरोबर यमुनाकांठाहून निघून सुरतेपर्यंत आलेल्या बंगालच्या शिपायांस पहिल्या मराठा युद्धानंतर फारसी लेख असलेलें ‘डेक्कन’ पदक देण्यांत आलें. पुढें ता. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडल्यावर कंपनीनें सिंहानें वाघास लोळविल्याच्या चित्राचें पदक काढलें. तें बर्मिंगहॅमजवळील सोहो येथील बोल्टनच्या टांकसाळींत पाडलें गेलें. बंगालच्या फौजेसाठीं कलकत्त्याच्या टांकसाळींतूनही निघालें. सोहोचें पदक सुमारें ४८ मिलिमीटर व्यासाचें आहे, कलकत्त्याचें सुमारें ४५. हुद्द्याप्रमाणें सोनें, सोन्याचा मुलामा दिलेलें रूपें, रूपें, कांसें व कथील असे धातूंचे पांच भेद आहेत. हें पदक देखणें खरें. परंतु त्यावर धारकाचें नांव नाहीं. सबब घराण्यांतील परंपरा किंवा सोबतचा कागद हाच त्याचा एकमेव आधार होय.

नांवाचें आणि पट्टीचें असें हिंदुस्थानचें एक व्यापक पदक म्हणजे १८५१ सालीं मंजूर झालेलें ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक. खर्च कंपनीनें सोसला. पुढील बाजूस व्हिक्टोरिया राणीचें मस्तक असून मागील बाजूस पंख असलेली विजयदेवता बसलेली आहे. तिच्या हातीं विजयाच्या डहाळ्या, शेजारीं शस्त्रांचा ढीग व ताडाचें झाड, आणि खालीं १७९९–१८२६ हीं वर्षें आहेत. ठसा विल्यम वायन याचा. फीत फिक्या निळ्या रंगाची. एकंदर सुमारें ४,५०० पदकें दिलीं गेलीं, आणि त्यांपैकीं बहुसंख्य आवा व भरतपूर या शेवटच्या दोन पट्ट्यांचीं आहेत. १७९९ हें वर्ष पदकावर असलें तरी श्रीरंगपट्टणची पट्टी त्यांत नाहीं. सर्वांत जुनी पट्टी १८०३ ची आहे. हा विरोध ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळदां पदकधारकास टिपूविरुद्ध लढलेला समजण्यांत येतें, तें चूक आहे.

आतां महाराष्ट्राच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या पदकाच्या एकंदर २१ पट्ट्यांपैकीं नेपाळ, आवा व भरतपूर या तीन सोडल्या तर उरलेल्या १८ पट्ट्या १८०३–०४ व १८१७–१८ च्या मराठ्यांशीं झालेल्या युद्धांच्या आहेत. १८०३ सालच्या अलीगड (४ सप्टेंबर), दिल्ली (११ सप्टेंबर), असई (२३ सप्टेंबर), असीरगड (२१ ऑक्टोबर), लासवाडी (१ नोव्हेंबर), अडगांव (२९ नोव्हेंबर) व गाविलगड (१५ डिसेंबर) या लढाया. १८०४ सालचा दिल्लीचा बचाव आणि डीगची लढाई व डीगचा पाडाव. १८१७ सालच्या खडकी (५ नोव्हेंबर), पुणें (नोव्हेंबर), सीताबर्डी (२६ व २७ नोव्हेंबर), नागपूर (१६ डिसेंबर) व महिदपूर (२१ डिसेंबर) या लढाया. आणि १ जानेवारी १८१८ ची कोरेगांवची लढाई, अशी ही मालिका आहे. खडकी व पुणें, तसेंच सीताबर्डी व नागपूर, या दोन्ही ठिकाणीं हजर असलेल्यास जोडनांवाची एकच पट्टी दिली आहे. म्हणून १६ लढायांच्या पट्ट्या १८ होतात. नुसत्या ‘किर्की’ किंवा नुसत्या ‘सीताबल्डी’ या पट्ट्या अत्यंत विरळ आहेत. पट्ट्यांवरील नांवें त्या वेळच्या इंग्रजी उच्चाराप्रमाणें आहेत. असई तेथें ‘अस्साय’ होते, अडगांव ‘आर्गाम’ होतें, कोरेगांव ‘कोरिगाम’ होतें. मोडी कागद वाचणारास अशा अपभ्रंशांची संवय असतेच.

हें वर्णन वाचून कोणासही वाटेल कीं, मराठ्यांच्या अखेरच्या युद्धांचा वृत्तांत रूप्यांत कोरून ठेवला आहे. तसें मानणें धोक्याचें आहे. पहिली गोष्ट, सर्व लढायांस पट्ट्या नाहींत. ऑगस्ट १८०३ मध्यें अहमदनगरचा किल्ला घेतला गेला, त्याची पट्टी नाहीं. ता. २० फेब्रुवारी १८१८ रोजीं अष्टी येथें बापू गोखले धारातीर्थीं पडले आणि पेशवाईचा लष्करी कणा मोडला, त्या लढाईचीही पट्टी नाहीं. पट्टी नाहीं म्हणून लढाई गौण, असें अनुमान करतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हें पदक लढलेल्यांचें नव्हे. लढून १८५१ पर्यंत जगलेल्यांचें आहे. असईच्या लढाईंत कंपनीच्या बाजूचे ४२८ लोक ठार झाले. त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव या पदकावर असणें शक्य नाहीं. जो त्या दिवशीं वीस वर्षांचा होता तो पदक मंजूर झालें तेव्हां अडुसष्ट वर्षांचा असावयाचा. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत पटकी, ताप व म्हातारपण यांनीं जे नेले तेही यादींत नाहींत. शिवाय दूरच्या खेड्यांत निवृत्त होऊन राहिलेल्या शिपायाच्या कानीं ही बातमी जावी, त्याचा अर्ज वेळेंत पोंचावा आणि तो जुन्या हजेरीपटाशीं जुळावा, इतकें सर्व जमलें तर पदक. म्हणून एखाद्या लढाईच्या पट्ट्या किती निघाल्या यावरून त्या लढाईंत किती लोक होते हें काढणें, किंवा हिंदी व युरोपीय शिपायांचें प्रमाण ठरविणें, हें शास्त्रशुद्ध होणार नाहीं.

कोरेगांवच्या उदाहरणावरून हें स्पष्ट होईल. ता. १ जानेवारी १८१८ रोजीं कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालीं मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, कांहीं स्वार आणि मद्रासच्या तोफखान्याचे थोडे गोलंदाज, असे सुमारें आठशें लोक भीमेच्या कांठीं दिवसभर बाजीराव पेशव्यांच्या फौजेशीं झुंजले. त्यांच्यापैकीं ठार, जखमी व बेपत्ता मिळून २७५ जण कामास आले. पुढें १८२१ सालीं तेथें स्तंभाचा पाया घातला गेला. त्या स्तंभावर इंग्रजी व मराठी लेख असून लढाईंत पडलेल्यांचीं नांवें आहेत. त्यांत ‘नाक’ या अखेरीचीं २२ नांवें महार शिपायांचीं म्हणून ओळखलीं जातात. स्तंभावरील ही यादी मृतांची आहे, आणि ‘कोरिगाम’ पट्टीच्या पदकांची यादी तेहतीस वर्षांनंतर जिवंत असलेल्यांची आहे. एका यादींतील माणूस दुसरींत असूं शकत नाहीं. दोन्ही याद्या समोर ठेवल्या तरी मधला मोठा गट सुटतोच. म्हणजे जे त्या दिवशीं वांचले परंतु १८५१ पूर्वीं वारले ते. त्यांचा शोध पलटणीच्या हजेरीपटांत व पेन्शनीच्या कागदांतच घेतला पाहिजे. दगड, रूपें व कागद हीं तीन साधनें एकत्र केल्यावांचून त्या पलटणीचा पुरता पट तयार होणार नाहीं.

समोरच्या पक्षाचें काय, हा प्रश्न येथें साहजिकच उभा राहतो. मराठी राज्यांत पदक देण्याची चाल नव्हती. पराक्रमी माणसास कडीं, पोशाख, इनाम जमीन किंवा नेमणूक मिळे. आणि जो कामास आला त्याच्या मुलाबाळांस ‘बालपरवेशी’ करून देत. म्हणजे पेशवे दप्तरांतील बालपरवेशीची नोंद मृताचें नांव जपते. १८५१ चें पदक नेमकें मृतासच वगळतें. दोन राज्यांच्या दोन रीतींमुळें दोन प्रकारचे पुरावे मागें राहिले आहेत, आणि त्यांची तुलना करणारानें हा भेद सतत ध्यानीं ठेवला पाहिजे. परंतु १८१७–१८ च्या युद्धांत पेशव्यांच्या बाजूनें पडलेल्यांचें दैव असें कीं, ज्या सरकारानें त्यांच्या घरच्यांस बालपरवेशी द्यावयाची तें सरकारच उरलें नाहीं. त्यांच्यासाठीं ना पदक, ना स्तंभ, ना पूर्वींसारखी दप्तरांतील नोंद. त्यांचीं नांवें घराण्यांच्या कैफियतींत, कुळांच्या वंशावळींत आणि गांवोगांवच्या वीरगळींच्या परंपरेंत हुडकावीं लागतील. पट्ट्यांचा संग्रह करणारानें हें काम आपलें नव्हे असें समजूं नये.

आतां अस्सल पदक कसें ओळखावें याविषयीं थोडें. आमच्या वाचकांस कागदाचा अस्सलपणा शाई, वळण, शिक्का व मोर्तब यांवरून पारखण्याची संवय आहे. पदकाची परीक्षाही त्याच जातीची आहे.

प्रथम कड पाहावी. या पदकावर युरोपीय धारकांचीं नांवें ठोकलेल्या रोमन मोठ्या अक्षरांत आहेत, आणि हिंदी शिपायांचीं नांवें कोरलेल्या वळणदार लिपींत आहेत. कोरलेलें अक्षर उथळ असल्यामुळें तें लवकर झिजतें. हिंदी शिपायांचीं नांवें अधिक नष्ट होण्याचें हें एक कारण आहे. मूळ नांव कानशीनें घांसून दुसरें नांव घातलें असल्यास व्यास कमी होतो. अस्सल पदकाचा व्यास सुमारें ३६ मिलिमीटर असतो. तो कडेच्या निरनिराळ्या जागीं मापून पाहावा.

दुसरी परीक्षा पट्ट्यांची. पट्ट्या एकमेकींस रिव्हेटांनीं जोडलेल्या असतात. तेथें नव्या ठोक्याच्या किंवा डाकाच्या खुणा असल्यास संशय घ्यावा. या पदकाचा एक विशेष असा कीं, पट्ट्यांचा क्रम वरून खालीं वाचावयाचा असतो. सर्वांत जुनी लढाई वर आणि शेवटची लढाई पदकालगत. असई, अडगांव व गाविलगड या तीन पट्ट्या असतील तर गाविलगड पदकास लागून असला पाहिजे. इतर बहुतेक ब्रिटिश पदकांचा क्रम याच्या उलट असल्यामुळें, मागाहून पट्ट्या जोडणारा येथें हमखास चुकतो.

तिसरी परीक्षा यादीची. पदक अस्सल, कड अस्सल, आणि तरीही पट्टी मागाहून लावलेली, असें होऊं शकतें. म्हणून धारकाचें नांव पदकांच्या मूळ यादींत कोणत्या लढाईपुढें आहे हें पाहिल्याशिवाय निर्णय देऊं नये. कंपनीच्या लष्करी खात्याचे कागद लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत ठेवलेले आहेत.

चौथी परीक्षा माणसाची, आणि ती सर्वांत कठीण आहे. कारकुनानें शिपायाचें नांव कानानें ऐकून रोमन लिपींत लिहिलें; एकच नांव तीन ठिकाणीं तीन तऱ्हांनीं लिहिलेलें सांपडतें. आडनांव बहुधा नसतें. एका पलटणींत एकाच नांवाचे अनेक शिपाई असतात. त्यांत १८२४ सालीं कंपनीच्या फौजेची नवी रचना होऊन पलटणींचे क्रमांक बदलले. यामुळें लढाईच्या दिवशींची पलटण आणि पुढील कागदांतील पलटण यांचीं नांवें निराळीं दिसतात. केवळ नांवाच्या अखेरीवरून जात व गांव ठरवून एखादें पदक अमुक घराण्याचें असें जाहीर करणें हा मोठा दोष आहे. मुंबईच्या फौजेंत महार, मराठे, मुसलमान, बेने इस्राएल असे अनेक समाज होते. नांव, हुद्दा, पलटण व पेन्शनीचें गांव हीं चारही जुळलीं तरच संबंध सिद्ध झाला असें म्हणावें. तोंपर्यंत ‘संभाव्य’ एवढाच शब्द वापरावा.

ज्यांच्या संग्रहीं अशीं पदकें असतील त्यांस आमची विनंति अशी. पदक घांसूं नये. काळें पडलेलें रूपें संशोधकास अडचणीचें नाहीं, चकचकीत व कोरें रूपें मात्र निरुपयोगी आहे. कडेवर पातळ कागद धरून पेन्सिलीनें छाप घ्यावा आणि तो पदकासोबत ठेवावा. पदक कोणाकडून, कोणत्या गांवीं, कोणत्या कागदांसह मिळालें हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. एका माणसाचें पदक व त्याचे कागद निरनिराळ्या गिऱ्हाइकांस विकूं नयेत. तसें केल्यानें पदकाचें रूपें होतें आणि कागदाची रद्दी होते.

आरंभीं सांगितलेल्या पदकाच्या पट्टीचे रिव्हेट आम्हीं तपासले. ते मूळचेच आहेत असें आमचें मत झालें. तेवढ्यावरून इतकें म्हणतां येतें कीं, हा शिपाई ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या माळावर होता, पुढील बारा दिवसांत पुण्याच्या लढाईंतही होता, आणि त्यानंतर चौतीस वर्षांनीं हयात होता. तो कोण, कोठला, हें आतां त्या पदकावरून कळावयाचें नाहीं. आमच्या टिपणवहींत नांवाची जागा रिकामी ठेवून बाकीचा तपशील आम्हीं नोंदविला आहे. त्याच घरीं पेटीच्या तळाशीं कांहीं जुने कागद असल्याचें मागाहून समजलें असून ते पाहण्याची परवानगी मिळाली आहे. त्यांत एखादा पेन्शनीचा कागद निघाला तर ती रिकामी जागा भरेल.